कुसुमबाई आणि समुद्रातले खेकडे

बातमी मेहकरच्या एस.टी.च्या कंडक्टरने आणली. चिखलीला गाडी लागल्याबरोबर तो थेट आमच्या कन्याशाळेत आला आणि दारातच थांबला. “बाई, कुसुमबाई गेल्या. काल सकाळी,” म्हणाला आणि खाली बघत राहिला. तिला कावीळ झाल्याचं मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच आम्ही भेटलो होतो, पिवळे डोळे घेऊन हसली होती... त्याला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

कुसुम धामणगाव बढ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. वडील गेल्यावर आईला घेऊन चिखलीला आली, आमच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. माझ्या शेजारचीच खोली तिने घेतली होती. त्याच सुमारास बुलढाण्याच्या एका वृद्ध वकिलांनी शाळेला एक पेटी भेट दिली. कुण्या इंग्रज साहेबाच्या सामानातून त्यांनी ती पूर्वी कधी घेतलेली. आत जुनी चित्रं होती, खेकड्यांची, झिंग्यांची, शंखात राहणाऱ्या कसल्याशा प्राण्यांची. रेषा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या आणि रंग मात्र प्रत्येक कागदावर हाताने भरलेले. एका निळ्या खेकड्याच्या पायाशी रंग रेषेबाहेर गेला होता. कुसुमला तेच चित्र सगळ्यांत प्रिय. “इथं कोणाचा तरी हात हालला बघ,” ती म्हणायची. आमच्या मुलींना नदीकाठचा मातकट खेकडा ठाऊक होता. हे रंग पाहून त्या कागदांवर वाकल्या. कुसुमने ती चित्रं वर्गातल्या कपाटात ठेवली, कडुनिंबाचा पाला घालून, वर कुलूप लावून.

नवं राज्य झालं होतं. शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं आणि संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब आदल्या दिवशी दुपारी वर्गात आले. मोठे जमीनदार, आवाज कधी चढवायचे नाहीत. सोबत शिपाई सखाराम. मी मुलींच्या वह्या तपासत तिथेच बसले होते.

“कुसुमबाई, थे खेकड्याईचे चित्रं कपाटातून काढा. मंत्रीसाहेबाले भेट द्यायची हाय.”

कुसुम कपाटाकडे गेली. मला वाटलं, उघडते आहे. ती वळली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“नाही देता येणार, बापूसाहेब. पोरींची हायत.”

“काऊन अडून राह्यल्या? शाळेच्याच कामी येतील ना.”

“मंत्री मुंबईत राहतात. त्यांच्या दारात समुद्र हाय. या पोरींनी कोणता पाह्यला? मीबी नाही पाह्यला.”

बापूसाहेबांनी सखारामला कुलूप तोडायला हातोडा आणायला सांगितलं. तो गेला. बाहेर मांडव ठोकत होते, त्याचे घाव ऐकू येत होते. कुसुमचे हात मागे होते, कपाटाची कडी घट्ट धरलेले. तिची नोकरी गेली असती तर आईच्या तोंडात घास घालणारं दुसरं कोणी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सखाराम हातोडा घेऊन आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. आत येईना.

“तोडा,” कुसुम म्हणाली. “पण उद्या साहेबांनी विचारलं, कुठून आणलं, तर मी भर मांडवात सांगीन.”

बापूसाहेबांनी सखारामला हातोडा परत न्यायला खुणावलं. मग म्हणाले, “चित्रं राहू द्या. तुम्ही मात्र इथं नाही राहायचं. मेहकरच्या आपल्या शाळेत जा.”

“जाते. सुटीच्या दिवशी येऊन चित्रांना हवा दाखवीन. तेवढी परवानगी द्या.”

“या,” ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी शब्द पाळला, दोन्ही बाबतींत.

मेहकरला सकाळची शाळा, त्यामुळे रोज जाऊन-येऊन जमेना. आईला हलवणं तर शक्यच नव्हतं, ती अंथरुणाला खिळलेली. ती इथेच राहिली, माझ्या नजरेखाली. कुसुम दर रविवारी यायची. आधी आईजवळ बसायची, मग शाळेत. पण आई गेली ती अधल्यामधल्या दिवशी. निरोप पोहोचून कुसुम येईपर्यंत डोळे मिटलेले होते. आईचे पाय धरून ती संध्याकाळपर्यंत बसली. रडली नाही. पुढे कधीतरी, चित्रं पुसताना, मी तिला विचारलं, “कुसुम, वाईट वाटतं का गं?” तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. “रोज वाटते. मायले मी पाहिजे होती शेवटी...” फडकं पुन्हा उचलत म्हणाली, “पण त्या कपाटापुढून हटली असती, तर पोरींसमोर उभं राहता आलं नसतं मले.”

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी एकटीच शाळेत गेले आणि आवारातल्या नळावर हात धुतले, कुसुम धुवायला लावायची तसे. वर्ग उघडा होता. तिच्या जागी आलेली तरुण चित्रकला शिक्षिका सरिता आधीच येऊन बसली होती. तिने बाकांवर धुतलेली चादर अंथरली होती, खिडक्या अर्ध्या लोटल्या होत्या, ऊन थेट पडू नये म्हणून. मी निळ्या खेकड्याचं चित्र उचलायला पुढे झाले, तशी ती मध्ये आली.

“बाई, हात दाखवा आधी,” ती संकोचून म्हणाली. “कुसुमबाईंनी सांगून ठेवलंय, कोणीही असो.”

मी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. तिने ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, “ओले हायत अजून.”

आम्ही दोघी खिडकीशी थांबलो, माझे हात वाळेपर्यंत.