हात चुकत न्हाई

तळवड्याला आमची कंपनीची बस थांबते, तिथंच मागे एका टेम्पोवाल्याचं घर. नाव मी कधी विचारलं नाही. वडेवाल्यांकडचं वापरलेलं तेल आणून तो अंगणात डिझेल बनवायचा आणि स्वतःचा टेम्पो त्यावरच चालवायचा. बाटली उन्हात धरून, एक डोळा मिटून बघायचा. आरपार दिसलं तरच टाकीत ओतायचा.

खिडकीत मात्र साबणाचा एक झिजलेला तुकडा जपून ठेवलेला. एकदा मी विचारलंच.

"पहिल्या वक्ताला डिझेल करताना तेलात कॉस्टिक सोडा जास्त पडला. समद्याचा साबण झाला. बायको लई हसली. त्याच्याच वड्या पाडून माझे कपडे धुवायची. ती गेली, हा एवढाच राहिला."

"मग पुन्हा करा की तसा."

त्यानं बाटली हळूच खाली ठेवली.

"करायला बसतो राव. पर आता हातच चुकत न्हाई."