शपथ आमच्याच स्टेअरिंगवर

ट्रकवाल्यांची एकी होते का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं, कारण ती एकदा आमच्या चहाच्या टपरीवर झालेली लोकांनी पाहिली आहे. मी म्हणते, होते ना बाप्पा, का नाही होणार? चहा संपेपर्यंत होते. मग ज्याची त्याची गाडी चालू होते आणि ज्याचा तो रस्ता धरतो. हे बोलताना माझा आवाज चढतो. पोरगी म्हणते, आई, किती वर्षं झाली, सोड ना आता. का म्हणून सोडू?

आमचं घर कुडव्याला, आणि टपरी गोंदियाच्या बाहेर, गोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धरमकाट्याच्या समोर. राइस मिलमधून भरून निघालेली गाडी वजन करायला त्या काट्यावर थांबायची, आणि गाडी थांबली की डायवर आमच्याकडे चहा-आलूबोंड्याला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या ह्यांची स्वतःची एक गाडी होती. जुनीच घेतलेली. मालकही हेच आणि डायवरही हेच. असे एकगाडीवाले त्या रस्त्यावर पुष्कळ होते.

गाडीच्या कागदावर जेवढं वजन न्यायची परवानगी असते, त्याला पासिंग म्हणतात. पासिंगएवढाच तांदूळ भरला तर त्याचं भाडं डिझेल, टायर आणि रस्त्याच्या खर्चातच जायचं. घरात यायचं ते वरच्या पोत्यांचं. म्हणून सगळे वरची पोती भरायचे, आणि सगळे भरतात म्हणून मिलवाले भाडं वाढवत नव्हते. एका गाडीत दीड गाडीचा माल जात असेल तर ते कशाला वाढवतील? मला हे चहा गाळता गाळता कळत होतं. पण गाडीवाले भाड्यावरून मिलवाल्यांना शिव्या घालायचे आणि शिव्या घालून झाल्या की वरची पोती भरायला जायचे.

मला भाड्यापेक्षा ब्रेकची धास्ती. नागपूरला जायचं तर आधी सौंदडकडे उतरावं लागतं, आणि मधल्या जंगलात एक उतार आहे. एकदा वरच्या पोत्यांनी भरलेली गाडी त्या उतारावर थांबेना. ह्यांनी ती रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगावर घातली, तेव्हा कुठे थांबली. घरी येऊन हे हसत हसत सांगत होते. मी हसले नाही. त्या दिवसापासून गाडी भरून निघाली की हे सौंदड ओलांडून पुढे गेल्याचं कळेपर्यंत मला घास उतरायचा नाही. मोबाईल नवाच होता. फोन लावायला खर्च नको म्हणून हे नुसता मिस्ड कॉल द्यायचे.

तर ती एकी. सौंदडचा एक गाडीवाला होता, मोठ्या मिशांचा आणि मिशांहून मोठ्या आवाजाचा. एका दुपारी त्याने टपरीवर सगळ्यांना गोळा केलं आणि बाकावर उभा राहिला.

"आता बस झालं," तो म्हणाला. "पासिंगच्या वर एक पोतं नाही चढवाचं. मिलवाल्याले दीडपट गाड्या लागतीन. मंग भाव आपन सांगू अन् ते आयकतीन."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. इतके दिवस मी जे घरात बोलून बोलून थकले होते, ते हा माणूस बाकावर उभा राहून बोलत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष कोण, तर आमचे हे, कारण ह्यांना कोणालाच नाही म्हणता येत नाही. धरमकाट्यावर दोघादोघांनी पाळीनं उभं राहून प्रत्येक गाडीचं वजन पाहायचं, हेही ठरलं.

मग कोणीतरी म्हणालं की शपथ घ्या. झालं, कशाची घ्यायची यावरच दुसरा चहा संपला. आम्ही बौद्ध, आमच्यात देवाची शपथ नाही. कोणाला गंगाजल पाहिजे, कोणाला हनुमान. शेवटी सौंदडवालाच म्हणाला, डायवरचा देव कोणता? स्टेअरिंग! हे सगळ्यांना पटलं. सकाळी गाडीत चढताना स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावत नाही असा डायवर आमच्याकडे सापडायचा नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो. टपरीसमोर उभी होती आमची गाडी. एकेक जण इकडच्या दारानं चढला, स्टेअरिंगवर हात ठेवून बोलला, तिकडच्या दारानं उतरला. मी त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला. जास्तीची साखर मागितली तर तोंड वाकडं करणारी मी, फुकट चहा!

सुरुवातीला खरंच चाललं. मिलचा मुनशी, म्हणजे गाड्यांचा नंबर लावणारा माणूस, दोनदा टपरीवर येऊन गेला. "भाभी, ये लोग क्या कर रहे हैं?" मी म्हटलं, "जो करना चाहिए वही।" किती बरं वाटलं मला ते बोलताना. हे पासिंगएवढा माल घेऊन निघायचे आणि मी पोटभर जेवायची.

नंतर मुनशी यायचा थांबला. मला वाटलं, टेकीला आला. एक दिवस आमचा दूधवाला आला नाही, म्हणून मी पुढच्या गावाला दूध आणायला निघाले. धरमकाटा ओलांडला, वळण ओलांडलं, आणि पाहते तर मोहाच्या झाडांखाली ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत तांदळाची पोती. हमाल ती एका ट्रकवर चढवत होते आणि वर उभा राहून थप्पी लावून घेत होता कोण, तर सौंदडचा मिशीवाला! मागे आणखी गाड्या रांगेत. काट्यावर पासिंगएवढं वजन दाखवायचं, दोघांनी माना हलवायच्या, आणि वळणापलीकडे जाऊन वरची पोती घ्यायची. मुनशी हुशार, पण या गाडीवाल्यांची तर कमाल.

"काऊन हो भाऊ?" मी खालूनच ओरडले. "शपथ कुठी गेली?"

"शपथ कुठी मोडली वहिनी?" तो म्हणाला. "आपन शपथ घेतली तुमच्या गाडीच्या स्टेअरिंगवर. तुमच्या गाडीत वरचं पोतं भरलं का? नाही ना? मंग! माह्या स्टेअरिंगवर मी कोनतीच शपथ घेतली नाही."

तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो गंभीर होता. मागच्या गाडीवालेही गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते, म्हणजे या मुद्द्यावर त्यांची एकी पक्की होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दूध न घेताच परत आले.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मले ठावं हाय."

"ठावं हाय? अन् तुमी बोलले नाही?"

"का बोलू? तसं पाह्यलं तर त्यांचं बरोबर हाय. स्टेअरिंग आपलंच होतं. अन् मी अध्यक्ष. भांडन केलं तर एकी तुटन."

"तुटाले ती हाय कुठी?" मी हातातलं पातेलं आपटलं. हे शांतपणे उठून गाडीची काच पुसायला गेले. या माणसाचा मला राग यायचा तो असा.

पुढे काय होणार ते उघड होतं. मुनशीनं ह्यांचा नंबर मागे टाकायला सुरुवात केली. मी विचारायला गेले तर म्हणाला, "भाभी, आपकी गाड़ी में माल कम बैठता है।" अहो, गाडी सगळ्यांच्या गाडीएवढीच होती! नियम पाळणारी गोंदियात एक गाडी, आणि तीच उभी. टपरीसमोर. बाकीचे गाडीवाले यायचे, तिच्याच बंपरला टेकून चहा प्यायचे आणि मला सांगायचे, "वहिनी, मानूस असावा तर अध्यक्षासारखा. शब्दाचा पक्का." एकाला मी म्हटलं, कप ठेव खाली आणि चालता हो. त्याला कळलंच नाही मी का चिडले.

मी गप्प बसणारी नाही. एका सकाळी मी प्रत्येकाला गाठलं. चला, म्हटलं, आपापल्या गाडीत बसा आणि आपापल्या स्टेअरिंगवर शपथ घ्या, मी उभी आहे. एक म्हणाला, गाडी बापाच्या नावावर आहे, बापाला विचारावं लागेल. दुसरा म्हणाला, गाडी अजून फायनान्सची, दुसऱ्याच्या गाडीवर माझी शपथ कशी चालेल? मी म्हटलं, आमच्या गाडीवर चालली होती तेव्हा? तिसऱ्यानं तर आदल्या रात्री गाडी विकायला काढली होती. सौंदडवाला म्हणाला, "वहिनी, सगळे घेतीन तर मी पयला." पहिला कोण हाच तर प्रश्न होता. सगळे दुसरे व्हायला तयार होते.

गाडी उभीच राहिली. टायर एका जागी बसून चपटायला लागले. टपरीच्या गल्ल्यावर तिघांचं घर चालत नाही. पोरीचं नागपूरला नर्सिंगला जायचं ठरलं होतं, ते पुढच्या वर्षावर गेलं आणि पोरगी टपरीवर आलूबोंडे तळायला उभी राहिली, हे मला जास्त लागलं. हे रोज सकाळी गाडीत चढायचे, स्टेअरिंगला हात लावायचे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करून उतरायचे.

"मुनशीले जाऊन सांगा," एका संध्याकाळी मी म्हटलं. "भरतो म्हना."

ह्यांनी काच पुसायचं फडकं खाली ठेवलं. "तूच म्हनून राहिली का हे?"

"मीच म्हनून राहिली."

"अन् शपथ?"

"शपथ माह्या डोक्यावर."

"अन् ब्रेक?" त्यांनी विचारलं. सगळ्या गोंदियाला उत्तरं देत फिरणारी मी, पदराला हात पुसून भांडी आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी गाडीला माल मिळाला. धरमकाट्यावर त्या दिवशी पाळी असलेले दोघे होते. त्यांनी वजन पाहिलं, मान हलवली, आणि अध्यक्षांना नमस्कारही केला. शपथ माझ्या डोक्यावर होती, म्हणून मी टपरी पोरीवर टाकून गाडीत बसले. मोहाखाली ट्रॅक्टर होताच. हमालांनी पोती चढवली आणि दुसऱ्या गाडीला जायचं म्हणून ताडपत्री नुसती वर टाकून निघून गेले. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, ओझ्यानं खाली बसत गेले ते मी उभी राहून पाहिलं. मला सगळ्यांचा संताप येत होता. सौंदडवाल्याचा, मुनशीचा, ह्यांचा, आणि दोर बांधायला दोन हात जास्त नाहीत म्हणून थांबलेल्या माझा.

ह्यांनी दोर पोत्यांवरून माझ्या बाजूला टाकला. मी पकडला आणि ओढला.

"कस वो अजून," ते पलीकडून म्हणाले. "उतारावर पोते पुढं सरकतात."

मी चाकाला पाय लावला आणि दोर कसला.