बॉनेट कोमट होतं

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून बहुधा.

मी गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतो. कर्जतमध्ये ओळखीच्या कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मला सोबत नेतात, आणि मीही शहाणपणा पाजळायला एका पायावर तयार असतो. टर्बोवाल्या स्पोर्ट्स कारचं तर माझं भाषणच ठरलेलं. टर्बो म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारा पंखा; तो झिजला की त्यातून तेल गळतं, आणि रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की निळसर धूर सोडते. इंजिन गरम असलं तर तो धूर दिसेलच असं नाही. म्हणून मालकाला आधीच बजावायचं — आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. आणि पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवून बघायचं.

मिलिंद माझा मामेभाऊ, भिसेगावात राहतो. लहानपणी गाड्यांचं वेड मला होतं, त्याला नाही. माझ्याच नादानं त्याला लागलं. आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकत राहिलो, तर हा निघाला लाल, दोन दारांची टर्बो गाडी घ्यायला — मला विचारून, मला सोबत घेऊन. जळलो मी. त्याला दुसरा शब्द नाही.

गाडी खालापूरला एका बंगल्यात होती. सकाळीच पोचलो. मिलिंद गाडीभोवती फेऱ्या मारत होता, त्याची बायको, सुनीतावहिनी, त्याला हसत होत्या. मी बॉनेटवर हात ठेवला.

कोमट होतं.

मालकानं आमच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली होती. बजावूनही. असं कुणी उगाच करतं का? हे मला नाही कळणार तर कुणाला?

"थंड हाय ना रं?" मिलिंदनं विचारलं.

"हाय. घे बिनधास्त."

का म्हणालो? मला वाटलं, महिन्याभरात गाडी धूर ओकायला लागेल, गॅरेजात पडून राहील, आणि हा तोंड पाडून माझ्याकडे येईल. मला ते तोंड बघायचं होतं. एवढंच — बघा, अजूनही मी एवढंच म्हणतोय.

तशी वेळ आलीच नाही. खोपोलीच्या जुन्या घाटात, चढावर ट्रेलरला ओव्हरटेक करताना गाडीचा जोर मध्येच गेला. समोरून टेंपो येत होता. मिलिंदनं गाडी डावीकडे ओढली, ती ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात घुसली. डाव्या बाजूला वहिनी बसल्या होत्या. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चेपलेली गाडी बघायला घरच्यांनी मलाच पाठवलं. टर्बोचा पाइप काढून पाहिला, आत तेलच तेल. पाइप परत बसवला आणि घरी येऊन सांगितलं, काही कळण्यासारखं उरलेलं नाही.

मिलिंदला वाटतं, ऐन वेळी त्याचा गिअर चुकला. तेव्हापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. वहिनींशी तो मान वर करून बोलत नाही. त्या त्याला बोल लावत नाहीत, पण पूर्वीसारखं बोलतही नाहीत. दोघांचं घर आतून विझलंय, आणि मी तिथे दर रविवारी जाऊन बसतो. एका वाक्यानं मी त्याला मोकळं करू शकतो. दर रविवारी ते वाक्य घेऊन जातो आणि तसंच परत आणतो.

गेल्या रविवारी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. कधी नव्हे ते त्यानं सरळ विचारलं, "तुला गाड्यांतलं कळतं. खरं सांग, माजंच चुकलं ना रं?"

इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. तेही मला कळत होतं.

"हां," मी म्हणालो. "घाई केलीस तू."

त्यानं मान हलवली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेला.