काकांच्या किल्लीतला खडा

२००६ सालच्या मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता, जयपूरच्या मालवीय नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी आपल्या धडधाकट गाडीची धडधाकट किल्ली दुरुस्त केली. आठ वाजता गाडी बंद पडलेली होती. ती बाराच्या आत झालान्याच्या आरटीओत नेणं भाग होतं. काकूंच्या शिकाऊ परवान्याचा तो शेवटचा दिवस होता आणि पक्क्या परवान्याची परीक्षा बारापर्यंतच घेत असत.

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं पुष्कळ असतात. वस्तू बिघडायच्या आधीच तिची दुरुस्ती करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात हा एकच पाहिला. काका मूळचे नागपूरचे, विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासणारे अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेले. "बिघडल्यावर तं कोणीही करते," ते म्हणत, "त्यात काय डोकं लागते?" दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कुकरची शिट्टी उघडत. उन्हाळ्याच्या तोंडावर दारावरच्या बेलचं बटण खोलून पुसत. एका वर्षी अशा पुसण्यानंतर बटण दाबलं की बेल वाजायच्या ऐवजी स्वयंपाकघरातला दिवा लागू लागला. काकूंनी तक्रार केली नाही. दिवा लागला की त्या हात पुसत दार उघडायला जात. एकदा माझ्याकडे चहाला आले असताना त्यांनी बोलता बोलता भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. "मी कधीचा ऐकून राहिलो, थकलं आहे ते," असं म्हणून त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. ते घड्याळ तेव्हापासून अकरा मिनिटं पुढे राहिलं. माझी बायको शाळेत शिकवायला जाते, ती वेळेवर पोचू लागली, आणि त्याचं श्रेय काकांनी घेतलं. प्रत्येक दुरुस्तीची ते एका वहीत नोंद करत: कोणते भाग निघाले, किती, कोणत्या अवस्थेत. खाली त्यांची सही आणि तिच्या शेजारी साक्षीदार म्हणून काकूंची.

गाडीची दुसरी किल्ली होती. ती बँकेच्या लॉकरमध्ये होती, काकूंच्या पाटल्यांच्या डबीत. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी मालकाकडून दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली सापडत नाही म्हणून अडकलेले दावे काकांनी इतके पाहिले होते की गाडी घरी आली त्याच दिवशी ते दुसरी किल्ली घेऊन बँकेत गेले. "माझ्यावर कोणी बोट नाही दाखवू शकत," असं ते सांगत. त्या मंगळवारी बँकांचा संप होता. संपाला पाठिंबा देणारं पत्रक त्यांच्या कार्यालयात निघालं होतं आणि त्यावर पहिली सही काकांची होती.

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना गाडी चालवायची मनाई केली होती. काचबिंदू डाव्या डोळ्यात पुढे गेला होता आणि उजव्यात सुरू झाला होता. ही गोष्ट इमारतीत मला एकट्याला ठाऊक होती, कारण तेव्हापासून काकू गाडी चालवताना शेजारी परवानाधारक म्हणून मी बसत होतो. काकूंचं वय त्या वेळी बावन्न. याआधी त्या दोनदा परीक्षेला गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा आरटीओच्या फाटकातूनच परतल्या होत्या. नवा शिकाऊ परवाना काढता आला असता, दुसऱ्याची गाडीही मागता आली असती. पण काकूंचा पाय याच गाडीच्या क्लचवर बसला होता, आणि रविवारी त्यांनी आम्हाला बजावलं होतं, "या मंगळवारी झालं तं झालं. नाही झालं तं गाडी विकून टाका, मी पुन्हा त्या फाटकात नाही जात."

म्हणून काका त्या सकाळी लवकर उठले आणि त्यांनी किल्ली दुरुस्त केली. किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात दोन बटणं होती. एक दाबलं की चारही दारं टक्कन बंद होत, दुसरं दाबलं की उघडत. परीक्षेच्या ऐन वेळी सेल संपायला नको, या विचारानं त्यांनी नवा सेल आणून ठेवला होता. डोकं उघडताना त्याचे दोन भाग जोडून ठेवणारा कडेचा दात तुटला, तो त्यांनी चिकटपट्टीनं बांधला. आठ वाजता आम्ही तिघं खाली उतरलो. बटण दाबलं, दारं उघडली. काकूंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, दोन सेकंद चाललं आणि थांबलं. समोरच्या काचेखाली किल्लीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकू लागला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"चालू तं होऊन राहिली," काका म्हणाले, "टिकूनच नाही राहिली!"

"तुम्ही काय केलं हो तिला?" काकू म्हणाल्या.

"मी? मी सेल बदलला."

नऊ वाजता मी काकांना स्कूटरवर घेऊन बाजारात कडुलिंबाखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडे गेलो. त्यानं चिकटपट्टी सोडली, आत पाहिलं आणि मान वर केली. "बाबूजी, इसमें एक काला दाना था. चिप. कहाँ गया?"

"कैसा दाना?"

"काली मिर्च से छोटा. गाड़ी चाबी को नहीं पहचानती, बाबूजी, दाने को पहचानती है."

काकांनी खिशातून वही काढली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. एक, जुना सेल. दोन, हिरवी पट्टी, सुस्थितीत. तीन, रबरी बटणं, दोन नग. चार, काळा खडा, एक, बाहेरून शिरलेला, काढून टाकला. खाली दोन्ही सह्या होत्या.

चावीवाल्याला तसा दाणा बनवता येत नव्हता. कंपनीकडून नवी किल्ली मागवायची तर पंधरा दिवस लागणार होते. त्यानं तापवलेल्या सळईनं तुटलेला दात जोडून दिला, दाण्याची रिकामी खाच नखानं दाखवली आणि म्हणाला, "दाना मिल जाए तो यहाँ बिठा देना. बस."

दहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही इमारतीच्या अंगणात उभे होतो. खडा काकांनी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून फेकला होता. खाली सगळीकडे बजरी, आणि तिच्यात निम्मे खडे काळे. काकू गाडीतच बसून राहिल्या होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बजरीकडे, आणि त्यांचा चेहराच बदलला. अपघाताच्या जागी पोचल्यावर ते असेच दिसत असावेत.

"घटना पुन्हा घडवून पाहा लागते," ते म्हणाले. "अगं, साबुदाणा काढ!"

"साबुदाणा?" काकू गाडीतून उतरल्या. "उद्या माझी चतुर्थी आहे!"

"दहा दाणे दे, बाप्पा! पांढरा पायजे, खाली दिसला पायजे."

काका बाल्कनीत गेले. सकाळी उभे होते तसेच उभे राहिले. चहाचा कपसुद्धा डाव्या हातात घेतला, कारण सकाळी तो होता. मग उजव्या हातानं एकेक दाणा फेकू लागले. मी खाली जागा टिपत होतो. पहिले दोन बजरीवर पडले. तिसरा पडलाच नाही. चौथाही नाही. एकूण सात दाणे जमिनीवर पोचले नाहीत. ते गेले तळमजल्यावरच्या भाभीजींच्या खाटेवर. त्या खाटेवर जुनी साडी पसरून भाभीजींनी मुगाच्या ओल्या मंगोड्या, म्हणजे आपल्याकडचे सांडगे, वाळत घातल्या होत्या, ओळीनं, बोरांएवढ्या. भाभीजी बाहेर आल्या.

"भाईसाहब! मैं यहाँ मंगोड़ी सुखा रही हूँ और आप ऊपर से साबूदाना बो रहे हो?"

"भाभीजी, हिलना मत! कुछ छूना मत!" काका वरून ओरडले. "मंगोड़ी कितने बजे डाली?"

"सात बजे. क्यों, पंचनामा करोगे?"

"सात!" काका जिन्यावरून धावत खाली आले. कप हातातच होता. "पावणेआठच्या आधी! खडा इथंच आहे!"

मग आम्ही चौघं त्या खाटेभोवती वाकलो. भाभीजींना प्रकरण समजायला एक मिनिट लागलं. समजल्यावर आमच्यात सगळ्यात जोरात त्याच शोधू लागल्या. काकांनी ओळी वाटून दिल्या. स्वतःकडे मधल्या दोन घेतल्या आणि चेहरा मंगोड्यांच्या अगदी जवळ नेऊन प्रत्येक मंगोडी तपासली. दोन्ही ओळी दोनदा. "इथं नाही," ते म्हणाले. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. काकू तांदूळ निवडतात तशी बोटं फिरवत होत्या, पटापट. त्यांची ओळ संपली आणि बोटं शेजारच्या ओळीत गेली. अकराला पाच कमी असताना त्यांनी एक मंगोडी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि डोक्यातल्या पिनेनं तिच्यातून काळा चौकोनी दाणा काढला.

ती मंगोडी काकांच्या ओळीतली होती.

"कुठं होता?" काकांनी विचारलं.

"इकडं कडेला," काकू म्हणाल्या. "माझ्याच ओळीत."

दाणा पुसला, पदरावर वाळवला, खाचेत बसवला. तो काकूंनीच बसवला. काका स्क्रू-ड्रायव्हर काढत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, "ते आत ठेवा." अकरा वाजून बारा मिनिटांनी किल्ली फिरवली. इंजिन दोन सेकंद चाललं, तीन सेकंद चाललं, चालतच राहिलं. लाल दिवा विझला. काकांनी गाडीच्या टपावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. भाभीजी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "लाइसेंस लेके ही लौटना! नहीं तो ये सारी मंगोड़ी दोबारा आप डालोगे, भाईसाहब!"

मी काकूंच्या शेजारी बसलो, काका मागे. पहिल्या चौकापर्यंत त्यांनी सहा सूचना दिल्या. सातवीला काकूंनी गाडी कडेला घेतली. "मी अजून बिघडलेली नाही," त्या आरशात पाहून म्हणाल्या, "मला आत्ताच दुरुस्त करू नका." अकरा चाळीसला गाडी आरटीओच्या फाटकातून आत शिरली. काकूंनी या वेळी फाटकाकडे पाहिलंही नाही.

निरीक्षकानं विचारलं, "माताजी, आठ बनाना आता है?" काकूंनी मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढला, मग मागे घेत गाडी दोन खांबांच्या मध्ये उभी केली. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. बाराला सात मिनिटं असताना अर्जावर पासचा शिक्का पडला. काकांनी तो कागद उजव्या डोळ्याजवळ नेला, बराच वेळ धरला आणि माझ्या हातात दिला. "वाच," ते म्हणाले. मी वाचला. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.

काकांनी त्यानंतर गाडी चालवली नाही. तीन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि दोघं नागपूरला परत निघाली. सामान ट्रकनं गेलं. गाडी काकूंनी नेली, भोपाळला एक मुक्काम करून. काका शेजारच्या सीटवर होते. तोवर उजव्या डोळ्यानंही त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. पोचलो, त्या म्हणाल्या, ते झोपलेत. आवाज बसलेला वाटला म्हणून मी विचारलं. जयपूरपासून नागपूरपर्यंत वाटेत जेवढी गावं लागली, त्या सगळ्यांच्या पाट्या त्यांनी काकांना मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या.