झाकणावरचं कुंकू

झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या बाटलीच्या झाकणावरून प्रयोगशाळेतल्या मुलीचा अंगठा हलत नव्हता. समोर सरपंच हळदकुंकवाचं ताट घेऊन उभे.

"ताई, झाकण काढा. पूजेशिवाय झऱ्याचं पाणी वेशीबाहेर जात नाही."

"उघडलं तर नमुना बिघडेल, काका."

आमचा डोंगर खाणीला जाणार की वाचणार, हे त्या बाटलीवर होतं. सरपंचांच्या मते झरा म्हणजे त्यांनी बांधलेल्या तलावाचा पाझर. डोंगर गेला तरी वाहणारच. मुलीचं म्हणणं साधं होतं. उन्हात तलावातल्या पाण्याचे हलके कण आधी उडून जातात, जड मागे राहतात. झऱ्यात तो जडपणा नसेल, तर झरा डोंगरात मुरलेल्या पावसाचा; डोंगर गेला की आटणार. सभेतही हलकी माणसं आधी उठतात आणि वजनदार खुर्चीत राहतात, पण ही वेळ तसं बोलायची नव्हती.

कोणी हलेना. शेवटी रोज तिथेच कळशी भरणारी सखूमावशी म्हणाली, "देवाला कुंकू वरूनच लावता ना, सरपंच? का पोट उघडून?"

सरपंचांनी झाकणावर बोट टेकवलं. बाटली गेली. निकाल अजून आलेला नाही. तलावाच्या उद्घाटनाची, स्वतःच्या नावाची कोनशिला मात्र हल्ली सरपंच पूर्वीसारखी येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत नाहीत.