त्रिएस्तेहून आलेली नवरी

यागोदाबरोबर सीमेपलीकडच्या परक्या देशातल्या त्रिएस्तेला जायचं म्हणजे निम्मी खरेदी आधीच झाली, असं आमच्या कार्लोवात्स गावात सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. तिच्या शेजारच्या सीटसाठी बायकांची चक्क जुंपायची. चौऱ्याहत्तर सालचा मे महिना आला तोवर तिच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या. पहाटे बस, दुपारी सीमेपलीकडे घासाघीस, संध्याकाळी घरी. तिथले दुकानदार तिला लांबून ओळखत आणि ती दारात यायच्या आत किमती चढवून ठेवत, कारण ही बाई कुठवर खाली आणेल याचा नेम नसे.

एरवी बाई साधी. काडीसारखी बारीक, सोड्याने लाल झालेल्या हातांची. पंचवीस वर्षं लाँड्रीत दुसऱ्यांच्या चादरी पांढऱ्याशुभ्र करत आली होती. तिचं स्वतःचं लग्न सेहेचाळीस साली झालं, तेव्हा लढाई नुकतीच संपलेली आणि कापड औषधालाही मिळत नव्हतं. दिराचा लष्करी कोट अंगात घालून आणि मोठ्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून तिने कचेरीत सही केली. फोटोवाल्याकडे फिल्म नव्हती, त्यामुळे फोटोही नाही. याबद्दल तिने कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त कुणी लग्नाचे फोटो दाखवायला घेतले की ती नवरीचा चेहरा सोडून झग्याची शिलाई बघत बसे.

तिची मुलगी नेवेंका आता झाग्रेबसारख्या मोठ्या शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरच्या घरी पडणार होती. लग्नाला दोन आठवडे उरले असताना विहीणबाई एल्विरा कॉफीला आल्या आणि कपातली कॉफी ढवळत म्हणाल्या, "झग्याची काळजी करू नका हं. आमच्या पुतणीचा पडलाय, तो आणते. तुम्हा बिचाऱ्यांना कुठला मिळायचा!"

ते 'बिचाऱ्यांना' यागोदाला मिरचीसारखं झोंबलं. ती तोंडभर हसून म्हणाली, "झगा आईच्या घरचाच असतो, बाईसाहेब. आणलाय मी."

आणला कुठे होता? पण आता बोलून बसली होती. लेकीला त्या घरात मान वर करून जायचं असेल, तर झगा आलाच पाहिजे होता. तिने बाराव्या फेरीचं तिकीट काढलं.

बसमध्ये शेजारी बसली झोर्का, लाँड्रीतली तिची मैत्रीण. गोल, गोरी आणि तोंडाची फटकळ. सकाळी ती एकच जुनाट फ्रॉक आणि फाटके बूट घालून यायची आणि परतताना चार फ्रॉक, दोन स्वेटर आणि कोरे बूट अंगावर असायचे. जुनं सगळं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात. एकटी झोर्काच नव्हे, अख्खी बस तसंच करायची. हातातल्या नव्या मालावर सीमेवरचे साहेब कर लावत, नाहीतर काढून घेत. अंगावर असेल ते मात्र आपलं. त्यामुळे सकाळी बारीक गेलेली माणसं संध्याकाळी भरगच्च होऊन येत आणि कुणीच कुणाला काही विचारत नसे.

त्रिएस्तेच्या चौकातल्या गर्दीत यागोदा थांबलीच नाही. मागच्या गल्लीत ब्रुनो नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं, तिथे काचेमागे तो झगा होता. गळ्याला लेस, लांब बाह्या, मागे जमिनीवर लोळणारा लांब घोळ. आकडा ऐकून झोर्काने छातीवर हात मारला.

"अगं, एवढ्यात तर नवरासुद्धा मिळेल!"

यागोदाने झगा काचेमागून काढायला लावला. झगा हातात घेऊन ती शिवण न् शिवण तपासत गेली. घोळाच्या आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा तांबूस डाग होता. खिळ्याच्या गंजाचा.

"ब्रुनोशेठ," ती म्हणाली, "हे काय विकताय? मेलेल्या नवरीचा झगा?"

ब्रुनो चष्मा लावून वाकला. चेहरा उतरला. "हे... हे जाईल."

"कसं जाईल ते सांगा ना! मी पंचवीस वर्षं हेच करते. गंज आहे हा. साबणाने आणखी पक्का होतो."

हे शंभर टक्के खरं होतं. लिंबू, मीठ आणि दोन तासांचं ऊन दिलं की तो मागमूस न ठेवता जातो, हेही तेवढंच खरं होतं. पण ते सांगायला तिला कुणी विचारलं नव्हतं. अर्ध्या तासाने ब्रुनो रुमालाने मान पुसत अर्ध्या किमतीवर आला. त्याने खोका काढला तशी यागोदा म्हणाली, "खोका नको. घालूनच जाते."

मागच्या खोलीत झोर्काने तिची बटणं लावली. मायलेकींची अंगकाठी एकच, त्यामुळे झगा जिथल्या तिथे बसला. समोर उंच आरसा होता. त्यात यागोदाने आधी शिलाई बघितली. मग नजर वर गेली आणि तिथेच राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या बाईला स्वतःचा एवढा हेवा वाटला की डोळे पुसायला ती रुमाल शोधू लागली.

"रडू नकोस, डाग पडेल," झोर्का म्हणाली आणि स्वतःच नाक पुसू लागली.

घोळ कमरेला गुंडाळून, वरून काळा लांब कोट गळ्यापर्यंत बंद करून यागोदा बसकडे निघाली. बस उभी होती तिथल्या कुंपणाला रोझमेरीची सुवासिक झुडपं माजलेली होती. फुकटचं सोडायचं नाही, हा झोर्काचा धर्म. रविवारच्या मटणासाठी म्हणून तिने पिशवीभर फांद्या मोडून घेतल्या.

सीमेवर बसमध्ये चढला तो साहेब तरुण होता, आणि तरुण साहेब फार वाईट. नवी टोपी, नव्या मिशा आणि नोकरीचा नवा उत्साह. दोन पिशव्या उघडून तो यागोदासमोर थांबला.

"कॉम्रेड, मे महिन्यात कोट?"

"ताप आलाय."

"कोट उघडा."

यागोदाने एकेक बटण काढलं. कोट बाजूला झाला, कमरेचा घोळ सुटला आणि पांढरा लोट सीटवरून खाली बसच्या मधल्या वाटेत पसरला.

"हे काय आहे?"

"अंगावरचे कपडे."

"हा लग्नाचा झगा आहे, कॉम्रेड!"

"मग? लग्न आहे माझं."

"तुमचं?" साहेबाच्या मिशा हलल्या. "आणि ही सगळी?"

"वऱ्हाड," शेजारून झोर्का म्हणाली. तिने पिशवीत हात घातला आणि भराभर रोझमेरीच्या काड्या वाटायला सुरुवात केली. आमच्याकडे लग्नाला आलेल्या प्रत्येकाच्या छातीवर रोझमेरीची काडी असते. ती लावली की माणूस वऱ्हाडी झाला. बघता बघता चाळीस छात्या हिरव्या झाल्या. ड्रायव्हर मिलिवोय जन्मात कुणाच्या मध्ये पडला नव्हता, पण त्यानेही काडी टोपीत खोचली आणि वरातीत वाजवतात तसा तीनदा लांबलचक हॉर्न दिला.

साहेब हसू दाबत होता, पण नोकरी नोकरीच. त्याने बोट दाखवलं. यागोदाच्या बाहीतून किमतीचं लेबल लोंबत होतं. अकरा फेऱ्यांत कधी झाली नाही ती चूक आज झाली होती. आरशात बघता बघता ती लेबल कापायचंच विसरली होती.

"नवा माल आहे हा. उतरवावा लागेल."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. यागोदा उभी राहिली.

"ऐक, बाळा. हा माझ्या लेकीचा आहे. माझं लग्न झालं तेव्हा मी दिराचा कोट घातला होता. बाहीला गोळीचं भोक होतं. अठ्ठावीस वर्षांनी मी आज पांढरं घातलंय, दोन तास झाले. काढायचाय ना? मग तू काढ. मी स्वतः हात लावणार नाही."

पिशव्यांवरून फिरणारी साहेबाची नजर आता खाली गेली होती. झोर्काने पुढे होऊन त्याच्या गणवेशावरही एक काडी टोचली आणि त्याने टोचू दिली. मग त्याने खिशातून चाकू काढला, लेबलाचा दोरा कापला आणि ते चुरगाळून मुठीत धरलं.

"लग्नात टोचलं असतं," तो पुटपुटला. "अभिनंदन, कॉम्रेड. जा."

पुढे एकही पिशवी उघडली गेली नाही. फाटक मागे पडलं आणि बस फुटल्यासारखी ओरडली. लपवलेल्या कॉफीच्या पुड्या, साबण, जीन्स सगळं बाहेर आलं, गाणी सुरू झाली आणि मिलिवोय प्रत्येक गावातून हॉर्न वाजवत गेला. यागोदाने पुन्हा कोट घातला नाही.

कार्लोवात्सच्या स्टँडवर नेहमीप्रमाणे तिचा नवरा मातो सायकल घेऊन पिशव्या न्यायला उभा होता. हा माणूस दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा. पांढऱ्या झग्यातली बायको बसच्या पायऱ्या उतरताना बघून त्याने टोपी काढली.

"मातो, बघत काय राहिलास?" झोर्का ओरडली. "ने नवरीला!"

त्याने सायकलचं कॅरिअर बाहीने पुसलं. "बस," एवढंच म्हणाला. ती एका अंगाने बसली, घोळ मांडीवर गोळा करून. संध्याकाळच्या उन्हात ती दोघं गल्लीतून आली, तेव्हा खिडक्याखिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. नेवेंका दारात धावत आली आणि तोंडावर हात ठेवून थांबली. यागोदा बटणांना हात घालणार तोच ती ओरडली, "आई, काढू नकोस अजून!" आणि कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला बोलवायला तशीच पळाली.

डाग दुसऱ्या दिवशी लिंबा-मिठाने गेला. लग्नात झग्याला नाव ठेवायला एल्विराबाईंना जागाच सापडली नाही, म्हणून त्यांनी केकला ठेवलं.

महिन्याने त्या कॉफीला आल्या. त्रिएस्तेची कॉफी, ती त्यांनी दोनदा मागून घेतली. भिंतीवर आता दोन फोटो शेजारी शेजारी होते. एकात नेवेंका आणि तिचा नवरा. दुसऱ्यात तोच झगा, आणि बाजूला सायकल धरून टोपी हातात घेतलेला एक प्रौढ माणूस. एल्विराबाई उठून जवळ गेल्या. चष्मा खाली केला, वर केला.

"हा कुणाच्या लग्नाचा?"

"माझ्या," यागोदा म्हणाली, आणि त्यांच्या कपात साखर घातली.