उंबऱ्याबाहेर लुगड्यातच

आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी बांधावरचा घेवडा तोडत होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. वाचा मात्र शाबूत राहिली, आणि किती शाबूत राहिलीय ते दवाखान्यातल्या सगळ्या वॉर्डाला कळलं. धाकटा भाऊ फौजेत, लांब पोस्टिंगवर. तेव्हा तिला मी सांगलीला, विश्रामबागेतल्या माझ्या घरी आणलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. माझी आई आहे, मी बघेन.

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर तावातावाने आलेले पालक मी गोडीने परत पाठवते, तर एक म्हातारी काय जड जाणार, असा माझा हिशोब होता. आठवडाभरात सगळी घडी बसवली. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचे वेगळे डबे, बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी, पलंगाचे पाय कापून उंची कमी. आणि बाजारातून आणलेल्या चार सुती मॅक्स्या. घालायला सोप्या, काढायला सोप्या, धुवायला सोप्या. मी स्वतःवर फार खूश होते.

आईने मॅक्सी घातली, कारण दुसरं काही अंगावर चढवणं तिच्या हातात नव्हतं. पण पलंग ते खोलीचं दार, यापुढे ती जाईना. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई अंगणात चला म्हणायच्या, आई दारापर्यंत जाऊन वळायची.

"ह्या झबल्यात मला घराभाईर काढायचं न्हाई," तिने मला बजावलं. "ह्या दाराम्होरं मी जायची न्हाई."

"आगं, कोण बघतंय तुला इथं?"

"मी बगती न्हवं?"

यावर मी आवाज चढवला. चिडले की माझं तसंच होतं. ती माझीच आई, तिने त्याहून चढवला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

पण खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. तिचा पाय दिवसेंदिवस ताठत चालला होता, टाच जमिनीला टेकत नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, आत्ता ही बाई रोज भरपूर चालली तर पुढेही चालेल, नाहीतर कायमची पलंगावरच. उभा जन्म उसाच्या सरीतून चाललेली आई, आणि एका मॅक्सीपायी पलंगावर! मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

मग मी डोकं चालवलं. गॅदरिंगला मुली घालतात तसली शिवलेली नऊवारी मिळते. इलॅस्टिकची कंबर, मागे काष्टा आयता शिवलेला, पाय घातले की झालं. दुकानात होती ती हिरवीगार, जरीच्या काठाची. ती घेऊन मी ऐटीत घरी आले आणि आईसमोर पसरली.

आईने डाव्या हाताने ती उचलली, इलॅस्टिक ताणून बघितलं, सोडलं.

"फडावर नाचवतीस व्हय गं मला?"

आणि ती हसायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मीही पलंगाच्या कडेला बसून पोट धरून हसले. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "पिशवीतलं माजं लुगडं काड. आन शिक."

आता पंचाईत अशी की मी जन्मात नऊवारी नेसलेली नाही. शाळेत स्कर्ट, नंतर पंजाबी ड्रेस, लग्नाकार्याला सहावारी. आईला रोज नेसताना बघून ते आपल्याला येतंच असं मी धरून चालले होते. तिच्या डाव्या हातात चार पायांची काठी देऊन तिला उभी केली आणि लुगडं गुंडाळायला घेतलं, तर गाठ बसेना, निऱ्या हातात मावेनात, काष्टा मागे नेला की पुढचं सुटायचं. मधेच तिचे पाय थरथरायला लागायचे, मग खुर्चीत बसवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

"ढिलं लय. आवळ. आगं, मी काय काचेची हाय का?"

रोज ऑफिसला जायच्या आधी आमची ही शाळा भरायची. ती मास्तरीण, मी मठ्ठ पोरगी. पण मी मागे हटणाऱ्यातली नाही. गाठ जमली, मग निऱ्या जमल्या. विशेष म्हणजे मी चुकले की तिचा डावा हात आपोआप पुढे यायचा, आणि ती ताठ उभी राहायची ती आधीपेक्षा जास्त वेळ. व्यायामाच्या बाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, हेच चालू ठेवा.

एके दिवशी निऱ्या घालून झाल्यावर आई म्हणाली, "आता काष्टा माजा मी घालती. तू भाईर हो."

"पडलीस म्हणजे?"

"पडली तर हाक मारीन. हो भाईर."

मी बाहेर झाले. दार लोटून घेतलं आणि दाराला कान लावून उभी राहिले. आत काठी सरकल्याचा आवाज, धापा, शिवी, पुन्हा धापा. दाराच्या कडीवर माझा हात होता, पण मी आत गेले नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते मलाच माहीत.

शेवटी दार उघडलं. काठी पुढे टाकत आई उंबऱ्याच्या बाहेर आली. डोक्यावर पदर, चेहरा घामाने डबडबलेला.

"कसं दिसतंय?"

भाऊ फोनवर, शेजारीपाजारी, सगळेच तिला आजकाल छान छान म्हणत होते, लहान पोराला म्हणावं तसं. माझ्याही ओठावर तेच आलं होतं.

"पदर चांगलाय," मी म्हणाले. "काष्ट्याचा बोंगा झालाय. डाव्या बाजूचं सुटलंय, चालताना पायात येईल."

 वाटलं, आता तिचा आवाज चढणार. पण काठी टेकत ती सावकाश वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मग बगत काय ऱ्हायलीस? खोच की. घट्ट खोच, रस्त्यावर जायचंय."